मिशा नसलेली कोळंबी

“आई, या कोळंबीला मिशाच नाहीत.”

मी तेव्हा टँकच्या काचेवरचं शेवाळ खरवडत होते. कोपरापर्यंत हात पाण्यात, बाही भिजलेली, आणि मुलगा काचेला नाक लावून बसलेला. “सगळ्यांना असतात रे, नीट बघ,” मी म्हटलं.

“नीटच बघतोय. हिला नाहीत. आणि ही खात पण नाहीये. बाकीच्या सतत खातात.”

हे दुसरं ऐकून मात्र मी हात बाहेर काढला. चेरी कोळंबीचे पुढचे पाय कधी स्वस्थ नसतात; पान, दगड, काच, जे समोर येईल ते चाचपत आणि वेचून खात ती फिरत असते. ही जावा मॉस या पाणवनस्पतीच्या एका काडीला डोकं खाली करून चिकटली होती. रंग मॉससारखाच मळकट हिरवा, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. मी जवळ वाकले तशी ती काडीभोवती सरकत पलीकडच्या बाजूला गेली, खार खोडाआड जाते तशी. तिथून काडीच्या डाव्या-उजव्या बाजूंनी तिचे दोन डोळे तेवढे दिसत राहिले. अंग काडीमागे लपलेलं, डोळे दोन्हीकडून बाहेर. ती आम्हाला बघत होती. कोळंबी असं बघत नाही.

त्याआधीचे दोन महिने मी भलत्याच गोष्टींच्या मागे लागले होते. टँक दोन फुटी, पाणी साधारण 45 लिटर, स्पंज फिल्टर, लाकडावर बांधलेला मॉस, थोडा ॲनुबिआस, मागे हायग्रोफिलाची रांग, दोन्ही पाणवनस्पती. मासा एकही नाही, फक्त कोळंब्या. सुरुवातीला 15 होत्या, वर्षभरात साठ-सत्तर झाल्या. मग वाढ थांबली. गंमत अशी की मोठ्या कोळंब्या ठणठणीत होत्या. माद्यांच्या पोटाखाली अंडी दिसायची, तीन-चार आठवड्यांनी ती रिकामी व्हायची, म्हणजे पिल्लं सुटत होती. या जातीला मधली अळीची अवस्था नसते. अंड्यातून दोनेक मिलिमीटरची अख्खी कोळंबीच बाहेर येते आणि पहिल्या दिवसापासून मॉसमध्ये चरायला लागते. ती पिल्लं मला दोन-तीन दिवस दिसायची आणि मग दिसेनाशी व्हायची.

पाण्यात दोष असेल म्हणून तपासण्या सुरू केल्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 10, जीएच म्हणजे पाण्याचा कडकपणा 7, तापमान 26. सगळं जागच्या जागी. पिल्लं फिल्टरमध्ये ओढली जात असतील म्हणावं, तर फिल्टर स्पंजचा, त्याच्या बारीक भोकांतून पिल्लू जातच नाही. पाणी बदलताना सायफनमधून जात असतील म्हणून बादलीतलं पाणी गाळून पाहिलं. खतात तांबं असेल म्हणून खत बंद केलं, तर फक्त झाडं पिवळी पडली. आता मागे वळून पाहिलं की कळतं, पाणी बिघडलं असतं तर मोठ्या कोळंब्यांनाही त्रास झाला असता. फक्त लहानच नाहीशी होत असतील आणि त्यांचं एकही मढं सापडत नसेल, तर कुणीतरी खातंय. इतकं सरळ होतं. पण ज्या टँकमध्ये मासाच नाही, तिथे खाणारं कोण, असं गृहीत धरून मी बसले होते.

आणखी एक खूण समोर असून मी वाचली नाही. तळाशी मधूनमधून पारदर्शक काती सापडायच्या. कोळंबी वाढताना कात टाकतेच, त्यामुळे काती दिसल्या की मी खूश व्हायचे. त्यातल्या एक-दोन बारीक, लांबुडक्या होत्या आणि टोकाला पानासारखं काहीतरी होतं. कोळंबीच्या कातीला टोकाशी पंखा असतो. मी तोच आहे असं मानून टाकलं.

तर त्या दिवशी. गाळणी खाली धरून मॉसची ती काडीच कापली आणि पांढऱ्या वाडग्यात टँकच्याच पाण्यात सोडली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सोंग उघडं पडलं. सहा पाय. बारीक लांब पोट, आणि शेवटी तीन पानं, पिसांसारखी शिरांची, हातपंख्यासारखी पसरलेली. पाठीवर पंखांच्या चिमुकल्या पिशव्या. भिंग लावलं तेव्हा तोंडाखाली घडी घातलेला एक पट्टा दिसला, पुढच्या पायांच्या मधोमध आवळून धरलेला. टाचणीचं पिल्लू. म्हणजे चतुराची ती सडपातळ बहीण, जी बसताना पंख मिटून अंगावर ठेवते, तिचं पाण्यातलं बाळपण.

तो पट्टा म्हणजे तिचा खालचा ओठ. वाडग्यात मी डासाची एक अळी सोडली. पिल्लू हललं नाही. अळी आकडी-वाकडी होत जवळून गेली आणि पुढच्या क्षणी ती त्याच्या तोंडात होती. मधलं काही दिसलंच नाही. दुसरी अळी सोडली, डोळे फाडून पाहिलं, तरी नाही. मुलाने फोनवर स्लो मोशनमध्ये टिपलं तेव्हा कुठे दिसलं, घडी सुटून ओठ सरळ पुढे फेकला जातो, टोकाचे दोन आकडे भक्ष्याला धरतात आणि सगळं परत हनुवटीखाली. त्या व्हिडिओत अळीच्या जागी मला दोन मिलिमीटरची कोळंबी दिसत राहिली.

हे आत आलं कसं, याचा उलगडा व्हायला फोन करावा लागला. हायग्रोफिला मैत्रिणीकडून आणला होता, तिच्या उघड्यावरच्या कमळाच्या टबातून.

“अगं, तुझ्या टबावर टाचण्या येतात का?”

“येतात की! किती छान दिसतात. जोडीजोडीने येऊन बसतात देठांवर. का गं?”

त्या छान दिसत बसलेल्या असतात तेव्हा मादी काम करत असते. टाचणीच्या मादीला शेपटीच्या टोकाशी करवतीसारखा अवयव असतो. त्याने ती पाणवनस्पतीच्या देठाला चीर पाडते आणि अंडं आत, गाभ्यात ठेवते. चीर शेजारी चीर, अशी रांगच. चतुरांपैकी बरेचसे शेपूट पाण्यावर आपटून अंडी नुसती सोडून देतात, ती धुतली तर जातात तरी. टाचणीची अंडी झाडाच्या पोटात असतात.

आणि मी तर झाडं पोटॅशियम परमँगनेटच्या जंतुनाशक पाण्यात बुडवून घेतली होती, शिस्तीत. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम पूड विरघळवायची, त्यातलं 10 मिलिलिटर दर लिटरमागे घ्यायचं, म्हणजे लिटरला 10 मिलिग्रॅम बसतं. त्यात दहा मिनिटं. बोटं दोन दिवस तपकिरी राहिली होती. गोगलगायींची पिल्लं, पानांवरचे किडे, काही शेवाळ यांना ते पुरतं. देठाच्या आत औषध पोचत नाही. पोचेल इतकं कडक केलं तर आधी झाड जाईल. तुरटीच्या पाण्याचंही तेच.

मैत्रीण बिचारी ओशाळली. तिने देऊ केलेला मॉसचा दुसरा गोळा मी घेतलाच नाही, पण फोन तासभर चालला. नंतर रागाच्या भरात मी हायग्रोफिला उपटून टाकून दिला. त्याला काही अर्थ नव्हता. देठांवर चिरांच्या जुन्या, सुकलेल्या रांगा होत्या. जे निघायचं ते दोन महिन्यांपूर्वीच निघून मॉसमध्ये राहायला गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून एक खून झाला, तो सांगायलाच हवा. मॉसजवळ तीन शेपट्यांचं आणखी एक बारीक काहीतरी दिसलं. मी ते चिमट्याने पकडलं आणि चिरडलं. नंतर भिंगाखाली पाहिलं तर शेपट्या पानांच्या नव्हत्या, केसांच्या होत्या, आणि पोटाच्या दोन्ही कडांना पाकळ्यांसारखे कल्ले होते. मेफ्लाय नावाच्या किड्याचं पिल्लू. ते शेवाळ आणि कुजकी पानं खरवडून खातं, कोळंबीला हात लावत नाही. खरं तर माझ्या काचेवरचं काम करायला आलेलं. तेव्हापासून नियम केला, आधी वाडगा, मग भिंग, मग निर्णय. त्या नियमामुळे पुढे बऱ्याच जणांचे प्राण वाचले. तळात नळीसारखी घरटी करून राहणाऱ्या लाल अळ्या निघाल्या, त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्यासारख्या हिमोग्लोबिनचा असतो आणि त्या निरुपद्रवी असतात. पाण्याच्या पृष्ठभागावर टुणटुण उड्या मारणारे करड्या ठिपक्यांसारखे स्प्रिंगटेल नावाचे किडे निघाले. तेही बिनधोक. चतुराचं पिल्लू मात्र एकही नव्हतं. ते ओळखायला सोपं, आखूड आणि बोजड, शेपटीला पानं नाहीत. कल्ले आतड्याच्या टोकाशी, त्यामुळे ते श्वास ढुंगणाने घेतं आणि घाबरलं की तेच पाणी जोरात मागे सोडून पुढे सुटतं. मुलाला ही माहिती दिल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता.

मग औषधाचा मोह. तोही झाला, खोटं कशाला बोलू. कुंडीतल्या झाडांवरच्या माव्यासाठी आणलेली बाटली फडताळात होतीच. पण पाय मोजा. किड्याला सहा, कोळंबीला चालायचे दहा, दोघंही सांध्यांच्या पायांचे, दोघंही कात टाकून वाढणारे. किड्याच्या मज्जातंतूंवर किंवा कात टाकण्यावर घाव घालणारं औषध कोळंबीला ओळखून सोडून देत नाही. पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकं तर माशांनाही घातक असतात. बाटली परत फडताळात गेली. (माव्याचं म्हणाल तर तोही एकदा सॅल्व्हिनिया या तरंगत्या वनस्पतीवर आला होता. तो वेगळा त्रास, कारण मावा नराशिवाय, अंड्याशिवाय, थेट पिल्लं घालत सुटतो. सॅल्व्हिनिया जाळीखाली पाण्यात दाबून ठेवला, वर तरंगलेला मावा गाळणीने उपसला, असं पाच-सहा दिवस केलं आणि संपला.)

कुणी म्हटलं, मासे सोड, खातील. खातील, नक्की. मासे असलेल्या टँकमध्ये टाचणीची पिल्लं फारशी टिकत नाहीत ती त्यामुळेच. पण जो मासा दोन मिलिमीटरचं टाचणीचं पिल्लू खाईल तो दोन मिलिमीटरची कोळंबी काय देव्हाऱ्यात ठेवणार आहे?

मला धीर दिला तो एका साध्या हिशेबाने. गोगलगाय टँकमध्ये वाढते, मावा वाढतो. टाचणीचं पिल्लू वाढतं, पण त्याची संख्या वाढत नाही. पिल्लाला अंडी घालता येत नाहीत. त्याला आधी पाण्याबाहेर येऊन पंख फुटावे लागतात, मग काही दिवस पिकावं लागतं, जोडीदार शोधावा लागतो, आणि मग परत पाण्यापाशी यावं लागतं. माझ्या झाकण लावलेल्या टँकमध्ये हे होणार नव्हतं. म्हणजे देठांतून जेवढी आली तेवढीच. एक काढलं की एक कमी. कॅलेंडरवर रेघा मारायला सुरुवात केली.

पहिला प्रयत्न सापळ्याचा. प्लॅस्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबीचं खाद्य टाकलं, रात्रभर ठेवलं. सकाळी आत चौदा कोळंब्या आणि चार गोगलगायी मजेत जेवत होत्या. टाचणी वासावर येत नाही, तिला हलणारं भक्ष्य लागतं. मेलेलं खाद्य तिच्या लेखी दगड.

मग रात्रीची शिकार. दिवे मालवून तासाभराने टॉर्च. माझ्या टँकमधली पिल्लं दिवसा मॉसच्या पोटात असायची आणि अंधारात टोकांवर येऊन बसायची. टॉर्च समोरून मारला तर काही दिसत नाही, मॉस आणि पिल्लू एकच होऊन जातात. बाजूने, काचेला जवळजवळ समांतर मारला तर शेपटीची पानं चमकतात. पहिल्या रात्री तीन सापडली. त्यातली दोन काढली, एक चिमट्यातून निसटलं. निसटलं म्हणजे चिमट्यात त्याचं एक पान राहिलं आणि बाकीचं मासोळीसारखं अंग वळवत मॉसमध्ये गेलं. पालीसारखं शेपूट सोडून. ती पानं श्वासाला आणि पोहायला मदत करतात, पण ती गेली म्हणून पिल्लू मरत नाही. पुढच्या काती टाकताना नवं पान फुटतं.

चिमटा बाद झाला. एअर पंपाची सहा मिलिमीटरची नळी घेतली, एक टोक बादलीत सोडून सायफन चालू करायचा आणि दुसऱ्या टोकावर अंगठा. पिल्लाच्या मागून नळी हळूहळू न्यायची, बोटभर अंतरावर आली की अंगठा उचलायचा. सुर्रकन आत. मॉसच्या आत दडून बसलेल्याला बाहेर काढायला मुलाने युक्ती काढली, जुन्या ब्रशचा एक केस काडीला बांधून त्याच्यासमोर हलवायचा. दोन वेळा पिल्लू केसावर झेपावलं, आणि झेपावलं की ते उघड्यावर येतं. पहिल्या दोन आठवड्यांत सात रेघा झाल्या.

मग एकही दिसेना, पण कोळंबीची पिल्लं अजून कमी होत होती. शेवटी मॉसच बाहेर काढला, लाकडासकट. टँकच्याच पाण्याच्या परातीत तो हळूहळू हिंदकळवला. कोळंब्या हिसका बसला की सुटतात, टाचणीची पिल्लं उलट जास्त घट्ट धरतात. हा फरक फार उपयोगी. सगळ्या कोळंब्या निघाल्याची खात्री झाल्यावर मॉस दुसऱ्या भांड्यात, साध्या सोडा वॉटरमध्ये बुडवला. मीठ नाही, चव नाही, नुसतं पाणी आणि वायू. फळमाशांवर काम करणारे प्रयोगशाळेत त्यांना कार्बन डायऑक्साइडनेच गुंगी देतात, तोच प्रकार. पाच-सात मिनिटांत मॉसमधून एक पिल्लू सैल होऊन तळाशी आलं. मग दुसरं. अर्ध्या तासात तीन. त्यातल्या एकाला दोन पानं लांब आणि मधलं अर्धवट, नवं फुटलेलं. चिमट्यातून सुटलेला हाच. मुलाने त्याचं नाव आधीच ठेवलं होतं, दीडशेपट्या.

मॉस धुऊन परत लावला. त्याला काही झालं नाही, दोन-चार टोकं तेवढी फिकट पडली.

दीडशेपट्या शुद्धीवर आला. त्याला मारवेना. काचेच्या बरणीत पाणी, एक काडी, वर जाळीचा तुकडा, आणि रोज डासाच्या दोन-तीन अळ्या. खायचा मात्र नेमाने. तीनेक आठवड्यांनी त्याने खाणं बंद केलं, पाठीवरच्या पिशव्या फुगल्या, आणि तो काडीवर पाण्याच्या रेषेपाशी येऊन बसू लागला. आम्ही रात्री आळीपाळीने जागायचं ठरवलं. पहिल्या रात्री काही झालं नाही, दुसऱ्या रात्री आम्ही दोघंही झोपलो. सकाळी काडीवर रिकामी कात, पाठीवर उभी फाटलेली, आतून पांढरे धागे बाहेर आलेले. जाळी एका कडेला उचललेली होती आणि खिडकी उघडी. कातीला शेपटीची तीनही पानं होती, मधलं जरा आखूड. मुलगा दिवसभर माझ्याशी बोलला नाही, जागायची पाळी माझी होती.

अकरावी आणि शेवटची रेघ त्याच आठवड्यातली, ॲनुबिआसच्या मुळांत सापडलेल्या एका पिल्लाची. पुढच्या महिन्यात दोन माद्यांची अंडी सुटली. मी दर रविवारी टॉर्च घेऊन एकाच कोपऱ्यातली पिल्लं मोजते, सगळा टँक मोजणं अशक्य आहे. पहिल्या रविवारी नऊ, दुसऱ्या रविवारी अकरा, तिसऱ्या रविवारी मोजता मोजता हिशेब चुकला.

आता नवं झाड सरळ टँकमध्ये जात नाही. शक्यतो जेलच्या डबीत, निर्जंतुक केलेल्या उतीपासून वाढवलेली झाडं घेते, त्यांच्यासोबत कुणी येत नाही. उघड्यावरची घ्यायचीच झाली तर आधी चिरा शोधते, मग महिनाभर बादली. अंडी मारायची नाहीत, फुटू द्यायची. उबदार पाण्यात ती दोन-तीन आठवड्यांत फुटतात, शिकार करणारी जागी होतात, आणि बादलीत खायला काही नसतं. दर चार दिवसांनी पाणी गाळून पांढऱ्या वाडग्यात बघायचं.

गेल्या खेपेला व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीच्या बादलीत सोळाव्या दिवशी एक निघालं. चार मिलिमीटर, तीन शेपट्या. मुलाने चिमटा आणला, मी भिंग आणलं. शेपट्या केसांच्या होत्या. पोटाच्या कडांचे कल्ले भराभर फडफडत होते. मी वाडगा उचलला आणि टँकमध्ये रिता केला, मागच्या काचेपाशी, जिथे माझा हात पोचत नाही आणि शेवाळ सगळ्यात जास्त आहे.